डावीकडे बघा

"डावीकडे बघा, ओब्दुलिया," इरिया म्हणते,
आणि मी सहा वर्षं डावीकडे बघते आहे,
माझा श्वास नळीवर पडू नये म्हणून.
मास्क तिचा, मास्क माझा,
मध्ये चिकटपट्टी सुटण्याचा तेवढा आवाज.
डावीकडे खिडकी. खिडकीत सुपरमार्केटचं पार्किंग,
आणि ट्रॉल्यांच्या रांगेवरून
बोटभर रुंद अरोसाची खाडी.

तीन महिन्यांपुरती, म्हणाले होते.
तोवर हातातली शीर तयार होईल.
डाव्या मनगटात झालीही एक,
झोपलेल्या मांजरीसारखी घुरघुरायची;
रात्री मी मनगट कानाखाली घेऊन झोपायचे.
एका पहाटे कान लावला, मांजर नव्हतं.
उजव्या हाताने तेवढंही केलं नाही.
मग ही पाहुणी राहिली ती राहिलीच
गळ्याच्या हाडाखाली, दोन शेपट्यांची,
एकीला लाल चिमटा, एकीला निळा.

मला मिठी मारणारे आता जरा वाकडे येतात.
गाडीचा पट्टा मी हातानेच लांब धरते.
उजवी कूस विसरले.
रविवारी फुको सिंकवर माझे केस धुतो,
छातीवर प्लास्टिक, प्लास्टिकवर टॉवेल,
आणि श्वास रोखून, जणू त्यालाच बुडायचं आहे.
बाकी अंग ओल्या फडक्याचं.

एकतीस वर्षं कमरेएवढ्या पाण्यात वाकून
तिसऱ्या काढल्या मी.
आता पाणी मला पाण्यात पाहतं.
पिण्याचं मोजून: दिवसाला तीन पेले, सूप धरून.
बटाटे दोनदा उकळून, दोन्ही पाणी फेकून.
मिठाचा डबा फुकोने कुठे लपवलाय ते मला माहीत आहे,
आणि मला माहीत आहे हे त्याला.

शेजारच्या खुर्चीतला डेल्मिरो म्हणतो,
"तुझी नळी माझ्या दुसऱ्या लग्नाहून जास्त टिकली."
टिकली कुठे?
एका फेब्रुवारीत यंत्र सुरू होऊन दहा मिनिटं,
आणि अशी थंडी भरली की पलंगाचे गज वाजले.
ती उपटली, पाचव्या दिवशी दुसरी घातली.
पुढे तीही तुंबली.
मी सगळ्यांना एकच धरते.
होडीच्या फळ्या बदलतात, नाव तेवढी राहते.

यंदा परवाना सुनेच्या नावे केला.
गावाला वाटलं, मी खाडीवर पाणी सोडलं.
पण आन्तिया ओउरेन्सेची, डोंगरातली.
तिला वाळू म्हणजे नुसती वाळू.
म्हणून मंगळवारी, ओहोटी पार खाली गेल्यावर,
गळाबंद स्वेटर घालून मी कोरड्या कडेला उभी राहिले,
काठीने दाखवत:
ते नव्हे, ते किड्याचं.
ती बघ, दोन भोकं, अगदी खेटून,
बटणाला असतात तशी.
तिथे घाल दाताळं. हळू गं, नांगरायचं नाहीये.
निघाल्या सात.
ती एवढ्याने ओरडली की पलीकडच्या बायका सरळ झाल्या,
कुणीतरी हात केला,
तिला की मला, कळलं नाही.

सर्वांत मोठी तिने माझ्या तळहातावर ठेवली.
घट्ट मिटलेली. आणि मिटल्या मिटल्या तिने
एक बारीक पिचकारी सोडली
थेट स्वेटरच्या उजव्या बाजूवर.
आम्ही दोघी गोठलो.
मी गळ्यातून हात घालून चाचपलं.
पट्टी कोरडी.
मग मला हसू आलं, आन्तियाला रडू,
दोन्ही एकदमच थांबेनात.

घरी जाताना, ती पुढे चालत असताना,
मी तळहात चाटला.
मनगटापर्यंत.

बुधवारी काट्यावर उभी राहिले.
इरियाने आकडा लिहिला, पुन्हा वाचला.
"दोन किलो आठशे वर. काय खाल्लंत?"
तिने मास्क बांधला, मी बांधला.
"डावीकडे बघते," मी म्हटलं.