किती भरलं

सावद्याच्या पोस्टात माझ्या नावाचं पाकीट आलं.
आत सोळा पानं, दोन पिना, त्यातली एक वाकडी.
शिलाँगच्या कुण्या बाईने स्वतः काढलेली,
स्वतः छापून स्वतःच घडी घातलेली चित्रकथा,
छत्र्या दुरुस्त करणाऱ्या माणसाची.
कुणी उडत नाही. कुणाला ठोसा बसत नाही.
चौथ्या पानावर तो नुसती एक काडी सरळ करतो,
सहा चौकटी,
आणि सहावीत काडी सरळ झालेली असते.

फलाटावर वाचली.
मग शेवटाकडून वाचली. मग नुसती हातात धरून बसले.
पॅसेंजर आली, गेली. जाऊ दिली.

एवढं चालतं?
मग माझ्याकडे बाप आहे.
केळीची गाडी भरताना काट्याजवळ उभा राहतो,
वजनं पुकारतो, साडेअठरा, बावीस, पावणेवीस,
आणि वहीत मांडतो. आवाज त्याचा
तीन बागा ओलांडून ऐकू येतो.
घरात बोलत नाही.

लिहिलं मी. पण मला हात काढता येत नाहीत.
माझी सगळी माणसं खिशात हात घालून उभी,
मग घड उचलणार कोण?
म्हणून जुम्मा तडवी. ट्रकांच्या मागे वाघ रंगवतो तो,
वाघाच्या पंजाला नखं मोजून देतो.
माझे संवाद बघून म्हणाला,
"इतकं बोलतो तुझा बाप? सगळी बाग झाकली न फुग्यानं."
छाटलं. परत छाटलं.
तीन ओळींचं दुःख होतं,
उरलं: "हं."

फुग्यात मला लिहू की मले?
प्राथमिक शाळेतल्या बाईंचं लाल पेन
अजून खांद्यावरून वाकून बघतं.
मले लिहिलं.
अक्षर जरा हललं, मग बसलं.

आणि एप्रिलचं ऊन काळ्या शाईनं कसं काढायचं?
जुम्मा म्हणे, काढायचंच नाही. कागद तसाच सोड.
मी सावली काढतो, तेवढी पुरे.

फैजपूरचा झेरॉक्सवाला म्हणाला, कॉलेजचं आहे?
नाही. लग्नाचं? नाही.
मग त्याने विचारणं सोडलं, चाळीस प्रती काढल्या.
शाई संपत आली होती त्याची,
शेवटच्या नऊ प्रतींत
दिवस जास्तच उजाडत गेला.

बापाला पहिलं पान दिलं. सहा चौकटी, दोन-दोनच्या ओळी.
तो वजनाच्या वहीचा माणूस,
रकाना वरून खाली वाचतो.
तसंच वाचलं त्याने.
माझ्या कथेत काटा टांगला जातो, गाडी येते,
घड तुटतात, गाडी जाते,
रिकामा आकडा हलतो, मग
एक लहान पोरगी त्या आकड्याला लोंबकळते.
त्याच्या कथेत काटा टांगला, घड तुटले, आकडा रिकामा,
आणि त्यानंतर गाडी आली.
मी म्हणणार होते, बाबा, आडवं वाचा.
तो म्हणाला,
"बरोबर काढलं. भाव पहाटेच ठरलेला राहतो.
गाडी येते तव्हा माल गेलेलाच राहतो."
मग पोरीवर बोट ठेवून थांबला.
"सव्वाअकरा," म्हणाला. "तू तव्हा सव्वाअकरा भरली होती."

मी चौकटींना आकडे घातले नाहीत. बाणही नाहीत.
जुम्मा चिडला, लोक चुकतील म्हणून.
चुकू दे.

अकरा प्रती विकल्या गेल्या. सहा जुम्माने ट्रकवाल्यांना वाटल्या.
एक शिलाँगला पाठवली, सोबत पत्र नाही,
शेवटच्या पानावर फक्त एक छत्री काढून घेतली जुम्माकडून,
केळीच्या पानाची.

संध्याकाळी घरी आले तर बाप वही उघडून बसलेला.
मान वर न करता विचारलं, किती भरलं?
बेचाळीस ग्रॅम, मी म्हटलं. पोस्टाच्या काट्यावर.
पोस्टाचा काटा चोख राहतो, तो म्हणाला,
आणि बावीस, पावणेवीस, एकवीसच्या खाली
मांडलं.