फ्रेम एकवीस

ऐरोलीत, दिवा कोळीवाड्याच्या धक्क्यावर
जोमा नाखवा जाळं सांधत बसले होते.
मी फोटो काढला. त्यांनी हात पुढे केला,
"दाखव."
मी कॅमेऱ्याची पाठ दाखवली. काळं कातडं, बस.
"यात दिसत नाही काका. रोल संपायला हवा."
"कवा संपल?"
अजून पंधरा होते. मी जपून वापरतो.
गणपती आले, गेले.

रोल संपला सेक्टर सातात, भाजीवालीच्या वजनांवर.
न्हाणीघराच्या दाराखाली चादर कोंबून
अंधारात बोटांनी फिल्म रिळावर चढवली.
दोनदा अडकली, दोनदा शिवी दिली.
डेव्हलपर, पाणी, फिक्सर, पुन्हा पाणी,
आणि टॉवेलशेजारी चिमट्याला लटकलेली
एक ओली, गुंडाळू पाहणारी दुपार.

बाकीचं रात्री.
रबाळ्याच्या पाट्या रंगवणाऱ्याने फुकट दिलेला
दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, त्याखाली उजेड,
वर तिवईला उलटा टांगलेला डिजिटल कॅमेरा.
आधी फिल्मच्या जागी आरसा ठेवायचा:
भिंगाला स्वतःचाच डोळा मधोमध दिसला
की समजायचं, सरळ आहे.
ठाणे-बेलापूर रोडवरून कंटेनर गेला की फरशी थरथरते.
तो जाईपर्यंत थांबायचं.
धक्क्यावर एका सेकंदाचे अडीचशे भाग करून
त्यातला एक उचलला होता,
इथे त्या एकासाठी अख्खी रात्र.

स्क्रीनवर काळ्याचं पांढरं केलं, पांढऱ्याचं काळं.
जाळं आलं, बोटं आली, सुईतला दोरासुद्धा.
मग धूळ. धूळ मी सोडत नाही.
आभाळातली तीन कुसळं, कानाजवळचा एक तंतू,
खाडीत, पार लांब, पांढरा कण.
टिचकी, टिचकी.
स्वच्छ.

प्रिंट नेली तर स्वतःकडे बघितलंच नाही त्यांनी.
अंगठा खाडीवर फिरवत राहिले.
"माजी होरी कुटं हाय?"
"होडी?"
"तवाच सफेदा मारला व्हता तिला. पोर घेऊन गेलता."

दुसऱ्या दिवशी निगेटिव्हची पट्टीच नेली, बटरपेपरसकट.
त्यांनी ती दोन बोटांत कडेने धरली,
काटा धरावा तशी,
आणि उन्हाकडे केली.
होती.
पांढुरक्या पाण्यावर तिळाएवढी, काळी.

मी म्हणालो, होडीसकट नवीन काढून देतो.
"नको. हाच दे. मोटा करून."
"हे उलटं आहे, काका."
त्यांनी नख न लावता, दुरूनच
स्वतःचं डोकं दाखवलं:
सगळे केस काळेभोर.
"यात उलटा काय हाय?"

आता त्यांच्या भिंतीवर काळ्या आभाळाची दुपार आहे.
सुनेला वाटतं, फोटोवाल्याने पैसे बुडवले.

मी अजूनही रात्री फुंकणी मारतो
आणि बघत राहतो.
कण हलला, तर धूळ.
नाही हलला,
तर सकाळी चपला घालतो.