कॉट बेसिस

नारायण पेठेत साडेसहा, हनोईत आठ.
शर्वाणी झोपलीय, म्हणून मी जिन्यात.
फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलेला,
वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा,
मागचे विजेचे मीटर दिसू नयेत
म्हणून ओढणी बांधलीय आडवी.

रात्रभर घोकलं :
'व्हॅन'ला दात ओठावर, 'वन'ला ओठ गोल.
ळ बिचारा कोपऱ्यात बसून होता,
त्याला कामच नव्हतं.

ते विचारतात, इंग्रजी तुमची मातृभाषा आहे का?
मला शेजवलकर काकू आठवतात, खोली दाखवताना :
'आडनावावरून काही कळलं नाही हो. तुम्ही कुठल्या?'
बार्शीच्या, एवढंच म्हटलं होतं,
पुढचं गिळलं होतं.

आज म्हणते, नाही.
शिकलेय मी ती, चुकत चुकत.
कुठे अडतं ते मला ठाऊक आहे.

पडदा गोठतो. एक गोल फिरत राहतो.
खालून दूधवाला, 'ताई, जरा सरका.'

तिकडच्या एजंटने फोटो पाठवलेत :
एक खिडकी, एक गादी, दोन महिन्यांचं डिपॉझिट.
मी झूम करून बघते,
दारामागे नियमांचा कागद चिकटवलाय का.