गुरुवारी पाणी बंद

जानेवारीत फ्रिजवर यादी लावली होती:
पाचला उठणे, दर रविवारी सिंहगड,
वर्षात बारा पुस्तकं, साखर बंद,
आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून,
मोडी.

पाचला उठले. तीन दिवस.
चौथ्या दिवशी निहारला ताप आला
आणि सिंहगड धायरीच्या आमच्या गच्चीवरून
जसा दिसायचा तसाच दिसत राहिला,
टॉवरचा दिवा लुकलुकवत.
साखर मात्र दोन दिवस खरंच बंद होती.
आणायची राहिली होती.

माझं काम कचेरीतली जुनी दप्तरं स्कॅन करण्याचं.
दिवसाला साडेतीनशे पानं काचेवर पालथी घालते.
कुणाची विहीर, कुणाचा बांध,
कुणाची सही म्हणून काढलेला नांगर,
सगळं माझ्या हाताखालून जातं
आणि त्यातलं ओ की ठो मला कळत नाही.
अकरा वर्षं.
पोस्टमनला पत्ता वाचता येऊ नये, तसं.

फेब्रुवारीत ऋजुताने यादीवर
आपलं परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलं.
मी काढलं नाही. बरंच वाटलं.

गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद.
बुधवारी रात्रीच पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवायचा.
मशीन लावायचं नाही, फरशी पुसायची नाही,
भांडी साठली तरी सासूबाई बोलत नाहीत.
तर अशाच एका गुरुवारी, पावणेसात ते सात,
माझ्या हातांना काही कामच नव्हतं.
ही पंधरा मिनिटं दर आठवड्याला येत होती म्हणजे,
आणि मी ती कॉर्पोरेशनला शिव्या देण्यात घालवत होते.

गॅलरीत उभी राहिले. दोरी रिकामी.
टॉवेल नाही, चड्डी नाही, नुसती रेघ,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

मोडीत आधी रेघ ओढतात,
पानभर, या कडेपासून त्या कडेपर्यंत,
मग अक्षरं एकेक करून तिच्यावर वाळत घालतात.
(हे क्लासच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं.
माझा शेवटचाही तोच.)

ठरवलं: गुरुवारी एक अक्षर.
रोज नाही. रोज म्हटलं की काय होतं,
ते मी फ्रिजवर वाचलेलं आहे.

पहिल्या गुरुवारी, वीजबिलाच्या पाठीमागे, स.
निहार मांडीत येऊन बसला,
त्याच्या धक्क्याने स-ला शेपूट फुटलं.
दुसऱ्या गुरुवारी शाळेत पालकसभा.
तिसऱ्या गुरुवारी पुन्हा स, कारण विसरले होते.
चौथ्या गुरुवारी ब.
प्रसन्न चाकणहून रात्रपाळी करून आला, बिल उलटंसुलटं केलं,
म्हणाला, या वेगाने किती वर्षं लागतील?
म्हटलं, चहा ठेव. तांब्यातलं पाणी घे, पिंपातलं नको.

एप्रिलात कचेरीत एक कागद आला.
ओळी आमच्या सकाळीसारख्या,
कुठे शब्द तुटत नाही, कुठे विराम नाही,
सगळं एकात एक अडकून पुढे पळणारं.
आणि मधेच,
गर्दीत ओळखीची पाठ दिसावी तसा
स.
त्याला लागून ब.
पुन्हा ब.

सबब.

घाटपांडे सरांना दाखवलं.
म्हणाले, म्हणजे ‘म्हणून’.
जुन्या कागदांत सबब सांगत नाहीत, तिच्यापुढे काय ठरलं ते सांगतात.
मला हसू आवरेना.
यादी भरून उरतील इतक्या सबबी माझ्या घरात,
आणि वाचता आलेला पहिला शब्द हा.
पुढचं काही लागलं नाही.
सबब कुणी काय केलं, ते त्या कागदातच राहिलं.
मी तो काचेवर पालथा घातला.

शुक्रवारी पहाटे नळ आधी खोकला,
मग गढूळ आलं, मग पाणी.
मशीन लावलं. दोरीवर मोजे, गणवेश, प्रसन्नचा शर्ट,
मोजे, मोजे, एक मोजा.
ऋजुता म्हणाली, पुढचं अक्षर कुठलं?
म्हटलं, न असेल. सोपा आहे म्हणतात.
बघू.