पाय लागू नये म्हणून

तलवारी दाबोळीलाच अडकल्या.
बोथट होत्या, पण कस्टमवाल्याला बोथटपणा
कागदावर हवा होता.
म्हणून स्कॉटलंडहून आलेली सातजणं
भर दुपारी माशेलला माझ्या दारात उभी,
आणि मी नाटकमंडळीची पेटी उघडली:
मुकुट, गदा, दोन दाढ्या, उंदरानं खाल्लेला शेला,
तळाशी लाकडी तलवारी,
चंदेरी कागद चिकटवलेल्या, मुठीला लाल दोरा.
गेल्या जत्रेत यांतल्या एकीनं
सेनापती मेला होता,
प्रॉम्प्टर चुकला म्हणून दोनदा.

मोराग बाईंनी त्या हातात तोलल्या,
जमिनीवर फुली घातली,
मान हलवली. चालतील.

संध्याकाळी शाळेचं सभागृह भरलं
ते खरं तर फुकट म्हणून.
पुढे सरपंच, मागे भजनी मंडळ,
मासळी विकून थेट आलेली रुझारीन,
पायाशी रिकामी पाटी.
पडदा वर गेला, पुरुषांचे घागरे दिसले,
पोरं फिस्कन हसली.
'हें आमचें कुणबी कापड मरे!' कुणीतरी ओरडलं.

मग फर्गसनं बगलेतली पिशवी दाबली.
एक सूर आला तो थांबेचना,
बाकीचे त्याच्या अंगाखांद्यावर खेळत राहिले.
देवळात तीस वर्षं सूर्त धरणारा वामन
खुर्चीत ताठ झाला.
आयुष्य त्या एका सुरात गेलंय त्याचं,
शाबासकी नेहमी शेणायवाल्याला.
'तो पिशवेंत दवरता श्वास,' माझ्या कानाशी म्हणाला,
'आमी गालांत.'

चौथा नाच तलवारींचा.
निवेदन करणाऱ्या मास्तरांना तीन पानं दिली होती:
लढाईची आदली रात्र, शकुन, अपशकुन, कुठला तरी राजा.
चष्मा सापडेना.
ते एवढंच बोलले,
'ह्या पोरीचा पाय तलवारीला लागता कामा नये.'

बस्स.
वहीला, तांदळाला, केरसुणीलासुद्धा
पाय न लावता वाढलेलं गाव ते.
हसणं जागच्या जागी विझलं.

इश्बेल, एकोणीस वर्षांची,
हात डोक्यावर मेरूच्या शिंगांसारखे,
चवड्यावर, या चौकोनातून त्या चौकोनात,
केस घामानं कपाळाला चिकटलेले
आणि पिपाणी वेग वाढवतेय.
मी विंगेत. लाल दोऱ्याचं एक टोक
सुटलंय, हे मला आता दिसलं.

तिसऱ्या फेरीत लागला.
फार नाही. सपातेचं टोक.
तलवार बोटभर सरकली.
'आवय गे!'
आणि सगळ्या सभागृहाचे उजवे हात
आपसूक छातीकडे, कपाळाकडे;
रुझारीननं खुरीस काढला.
जणू पाय आमचाच लागला.

नाच तिनं तोडला नाही.
रडली ती विंगेत, माझ्या पेटीवर बसून.
तिकडे स्पर्धेत एवढ्यानं बाद करतात म्हणे.
मग डोळे पुसून, हात कपाळाला नेत
तिनं खुणेनं विचारलं, हे काय केलं सगळ्यांनी?
माझं इंग्रजी बिलापुरतं.
सॉरी, म्हटलं. यू नो. दे सॉरी. फॉर यू.
तिला काय कळलं कुणास ठाऊक.
तलवार मात्र तिनंच दोन्ही हातांनी उचलून
शेल्यावर ठेवली.

बाहेर वामन पिशवी फुगवत बसला होता,
गाल सवयीनं भरलेले,
सूर अजून यायचा होता.