झाकण

उकंडरावच्या मयुरीचं लग्न पुढं ढकललं
त्या सकाळी माझ्या ओसरीत बेचाळीस किलो पनीर होतं,
खवा अठरा, चक्का नऊ,
आणि लोणी, जे मी मोजलंच नव्हतं.
पुलगावचे आजोबा पहाटे गेले.
सुतक, मग मुहूर्त नाही, मग बघता बघता एकवीस दिवस.
मांडववाल्यानं बांबू उपसले,
आचारी कढया घेऊन आर्वीला परत गेला.
पनीर कुणाकडं परत जाणार?
म्हशीकडं?

बचत गटाचा डीप फ्रीजर चौदा जणींच्या हप्त्याचा,
अजून सहा बाकी.
त्याला म्हटलं, बापा, आता तुझी परीक्षा.
खवा थापला चपटा, तळहाताएवढा,
मधे मेणकापड, म्हणजे लागेल तेवढाच निघतो.
लोणी तीन पाण्यांनी धुतलं, ताकाचा वास राहू द्यायचा नाही.
पनीरच्या विटा घट्ट गुंडाळल्या, आतली हवा दाबून काढली.
चक्क्याचं मला ठाऊक होतं, तो नाही टिकत तसा.
तरी ठेवला. टाकवेना.

दुपारी मयुरी आली, हातात काशाची वाटी,
वाटीत सायीत कालवलेली हळद.
"काकू, हे राह्यते का?"
साय फुटते, मी म्हटलं.
ती उभीच.
बाहेर सेहेचाळीस. फ्रीजरपाशी तेवढं बरं वाटतं,
म्हणून उभी असेल, असं मी धरलं.
वाटीवर ताटली ठेवली, ताटलीवर दोरा बांधला,
आणि कोपऱ्यात जागा केली, खव्याच्या मागं.

नवव्या दिवशी वादळ आलं. सबस्टेशनजवळचे खांब आडवे.
लाइन गेली ती गेलीच.
मी बारदाना टाकला, त्यावर गोधड्या,
त्यावर मी स्वतः बसले.
येणारा प्रत्येक माणूस म्हणे, एकदा उघडून पाहा ना.
पाह्यलं की गेलं! मी खेकसत होते.
रात्री मयुरी आपली चादर घेऊन आली.
दोघी झाकणावर, पाय खाली सोडून.
खूप वेळानं म्हणाली,
"त्याचा फोन नाही आला, पाच दिवस झाले."
मी विचारणार होते,
मग नाही विचारलं.
नुसतं म्हटलं, टॉवरही पडला असंल गं.
खाली कुठंतरी बर्फ हलकासा करकरला.
अकरा तासांनी लाइन आली तेव्हा
मोटरच्या घरघरीनं ती झोपेतून दचकली,
आणि हसली, त्या महिन्यात पहिल्यांदा.

काढायची तर उतावीळ नको.
आदल्या रात्री सगळं माठाशेजारच्या गार खोलीत,
ओल्या पोत्यांखाली.
आचारी म्हणाला, गरम पाण्यात टाका, लवकर होईल.
मी म्हटलं, तुमच्या सासूला टाका गरम पाण्यात.
खवा आला जसाच्या तसा, परतला तर ताजा.
लोणी तर विसरूनच गेलं होतं आपण कुठं होतो ते.
पनीर भुसभुशीत झालं, रश्श्यात पडताच विरू लागलं,
मग आचाऱ्यानं कुस्करून कोफ्ते केले
आणि दिवसभर सांगत फिरला, हे मुद्दामच.
चक्क्यानं पाणी सोडलं. मी पुन्हा फडक्यात बांधून
खुंटीला टांगला, साखर घालून घोटला, घोटला.
कुणाला कळलं नाही.
एका म्हाताऱ्याला कळलं: "जिभेले रेती लागते बाई."
मी त्याला दुसरी वाटी दिली.

हळदीची वाटी मयुरीनंच उघडली.
वर पिवळं पाणी, खाली कण कण साय.
"फुटली."
फुटली तर काय, लावायला चालते, मी म्हटलं.
तिनं बोटानं ढवळलं.
माझ्यासमोर डावा हात धरला.
मी कोपरापासून लावत खाली आले.
तिच्या अंगावर काटा उभा राहिला.
"थंड आहे," ती म्हणाली,
आणि दुसरा हात पुढं केला.