अडीच चमचे मीठ

बाल्टिकला समुद्र म्हणायचं नाही, असं याग्नाचं मत.
दार उघडं राहिलेला फ्रिज आहे तो, म्हणते,
आणि पहिली तीच उतरते घोट्यापर्यंत,
किंचाळते, पळत येते, पुन्हा उतरते.
तिमोन अजून बुटात.
मी दगडाने खुंट्या ठोकतोय वाळूत,
पट्टेरी कापड ताणतोय वाऱ्याच्या बाजूला.
अख्खा किनारा ठोकाठोकीत गुंग.
साडेसातलाच बाप लोक येऊन जागा धरतात,
पंगतीत रुमाल टाकावा तशी.

इरमिनाला हॉस्पिटलने तीनच दिवस दिले,
म्हणजे ती येणार शुक्रवारी, रात्रीच्या गाडीने.
तोवर मी. एकटा.
मला वेणी घालता येत नाही
हे पहिल्याच सकाळी चारचौघांत जाहीर झालं.

सोमवारी दीपगृह. एकशे बारा पायऱ्या,
त्यातल्या नव्वद तिमोन माझ्या खांद्यावर.
मंगळवारी गोफ्री, वर साय, वर जांभळी बोरं,
आणि एका समुद्रपक्ष्याने
याग्नाच्या हातातून अर्धी उचलून नेली.
ती रडली नाही. त्याच्या मागे धावली,
आणि शिव्या अशा दिल्या
की मी विचारलंच नाही कुठे शिकलीस.

बुधवारी वादळ.
खोलीत तिघं, पत्त्यांचा एकच जोड, त्यातही चौकटचा गुलाम गायब.
घरमालकीण लुत्सिनाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या,
उद्या पहाटे जा. शेवाळाच्या काळ्या रेघेत बघा.
समुद्र ढवळून निघाला की तळातलं वर टाकतो.
तृणमणी.
लाखो वर्षांपूर्वी एका झाडाला जखम झाली,
त्यातून वाहिलं, ते.

गुरुवारी पहाटे आम्ही वाकलेले.
तिघंच नाही, अख्खं गाव वाकलेलं,
सुई हरवल्यासारखं.
शेवाळाला वास, बोटं बधिर,
तिमोनचं नाक वाहतंय आणि तो गातोय.
पिवळं दिसलं की झोळीत. तांबूस दिसलं की झोळीत.
एक्केचाळीस.

संध्याकाळी लुत्सिनाबाईंनी ग्लास मांडला,
कोमट पाणी, मोठे अडीच चमचे मीठ.
दगड असेल तर बुडेल, त्या म्हणाल्या, बाटलीची काच असेल तरी बुडेल.
खरा असेल तर तरंगेल.
टप्. बुडाला.
टप्. टप्.
तेविसाव्यापर्यंत याग्नाने ओठ गच्च मिटलेले.
मला खोटंच काही सांगावंसं वाटत होतं,
पण मिठाचं पाणी कुणाची भीड धरत नाही.
चाळीस बुडाले.
एक, मसुरीच्या डाळीएवढा,
खाली गेला, जरा विचार केला,
वर आला.

याग्ना ओरडली नाही. तिने श्वास सोडला फक्त.
तिमोनने बुडालेले चाळीस बाहेर काढले,
एकेक पुसून उशीखाली नेले.
ते तळ बघून आलेत, म्हणाला.

आणखी एक युक्ती होती बाईंकडे:
लोकरीवर घास, कागदाच्या कपट्याजवळ धर.
कपटा हलला नाही. हवा दमट आहे, त्या म्हणाल्या.
याग्नाने मणी काडेपेटीत ठेवला, कापसावर.

इरमिना आली.
रात्रपाळीचे डोळे, हातात चुकून राहिलेलं हॉस्पिटलचं पेन.
दुपारी पट्टेरी कापडाच्या आडोशाला आडवी झाली
आणि अर्धं वाक्य बोलून झोपली.
ऊन होतं. पहिल्यांदाच धड ऊन होतं.
तिमोन तिच्या पायांवर वाळू ओतत होता, आधी घोटे,
मग गुडघे, अगदी हळू, पांघरूण घालावं तशी.

याग्ना माझ्या स्वेटरला घासत होती मणी.
घासला, घासला, माझी बरगडी दुखेपर्यंत,
मग चिमटीत धरून
नेला आईच्या कपाळाशी.
मी म्हणणार होतो, झोपू दे तिला.

एक केस उठला.